अकरा ओळी

सन १९९२. मी चोवीस वर्षांचा होतो आणि दुबईत अल क्वोजमधल्या एका मार्बलच्या कारखान्यात दगडावर अक्षरं कोरायचं काम करत होतो. अक्षरं कोरत होतो म्हणजे वाचत होतो असं कुणी समजू नये. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही मराठी. इंग्रजी आणि अरबी अक्षर मला चित्रासारखं दिसायचं. कागद दगडावर चिकटवायचा, कार्बनवरून रेघ उतरवायची, आणि छन्नी लावायची. रेघेच्या बाहेर केसभरसुद्धा जायचं नाही. बंगल्यांच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, मशिदीच्या दारावरच्या ओळी, सगळं या हातानं केलं. गिऱ्हाईक कडेवरून बोट फिरवायचं आणि विचारायचं, कुणी केलं. आमचे फोरमन इब्राहिमचाचा माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालत नसे. आजही घालत नाही.

इब्राहिमचाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. वीस वर्षं तिथं काढलेला माणूस. पहाटेची नमाज झाली की कारखाना उघडायचे, आणि दिवसभर करवतीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचे, म्हणून कारखान्याबाहेरही ते ओरडूनच बोलत. माझं नाव शांतवन. त्यावरून त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सुनावलं होतं, "अरे, तुझ्या बापानं नाव ठेवताना तोंड बघितलं नव्हतं काय तुझं? सकाळपासून तिघांशी भांडलास." मी म्हटलं, "चाचा, तिघांचंही काम वाकडं होतं." ते हसले. तेव्हापासून आमचं जमलं.

राहायला कारखान्यामागं पत्र्याच्या खोल्या होत्या. एका खोलीत आठ माणसं, दुमजली लोखंडी खाटा, आणि भिंतीत बसवलेला एक एसी. तो ट्रॅक्टरसारखा आवाज करायचा, पण बंद पडला की त्या शांततेनंच सगळे जागे व्हायचे. माझ्या वरच्या खाटेवर दाविद होता, आमच्याच गावचा, नगर जिल्ह्यातला. तो एका ऑफिसात चहा द्यायचा. स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. केरळचे लोक मासे करायचे, माझ्या पाळीला मी येसर आमटी करायचो. येसर आई पाठवायची, गावाहून येणाऱ्याच्या पिशवीत, तीनदा कापडात बांधून, तरी त्या माणसाच्या कपड्यांना मसाल्याचा वास लागायचाच. भाकरी नाही, मग खुबूस, तिथली मैद्याची रोटी, कुस्करून त्यावर आमटी ओतायची. दाविद म्हणायचा, "खुबूस म्हणजे भाकरीची सावत्र बहीण." तरी तीन तीन खायचा. आता माझ्या सुना येसर मिक्सरमध्ये काढतात. खातो मी. बोलत नाही काही.

आता त्या दगडाचं सांगतो, कारण सगळं भांडण त्याचं होतं. आमच्या गावच्या देवळाच्या आवारात, कबरींच्या कडेला, भिंतीत एक काळा दगड बसवलेला आहे. देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. पहिल्या मोठ्या लढाईत आमच्या वस्तीतले लोक खेचरं हाकायला, रस्ते करायला, ओझी वाहायला बसऱ्याकडे नेले होते. त्यातले अकरा परत आले नाहीत. त्यांची नावं गोऱ्या मिशनरी साहेबानं गावच्याच पाथरवटाकडून त्या दगडावर कोरून घेतली, मराठीत. चौथी ओळ माझ्या पणज्याची. म्हसू भागा. तो कुठं पुरला, पुरला की नाही, कुणाला माहीत नाही. बातमी वर्षानं आली. पणजीनं बांगड्या फोडल्या त्या दगड बसल्यावर, त्या दगडावरच, दुसरी जागाच नव्हती. मी लहान होतो तेव्हा ती फार म्हातारी, डोळ्यांनी गेलेली. पण देवळात आली की आधी दगडाकडे जायची, वरून बोटानं ओळी मोजायची, चौथीवर थांबायची. माझा बाप देवळाचा शिपाई होता. घंटा वाजवायचा, कबरी खणायचा. त्या आवारातच मी वाढलो. शाळेच्या मास्तरांनी मला अक्षरं शिकवली नाहीत, मारलंच. अक्षर कसं वळतं ते मी पणजीच्या बोटामागं बोट फिरवून शिकलो.

दुबईत आमच्या पंचक्रोशीतल्या ख्रिस्ती लोकांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष सॅम्युअलसाहेब. आमच्याच वस्तीतले, पण पुण्याला शिकलेले, एका कंपनीत हिशेबनीस, करामामध्ये फ्लॅट, बायको-मुलं सोबत. माणूस वाईट नव्हता, हे रागात असूनही सांगतो. दाविदला नोकरी त्यांनीच लावली. शुक्रवारी सुटी, शुक्रवारीच उपासना. नंतर त्यांच्या घरी सगळे जमायचे, आणि वहिनी बाजरीच्या भाकरी करायच्या. बाजरीचं पीठ तिथं मिळत नसे, त्या सामानातून आणायच्या. त्या घरात भाकरी थापल्याचा आवाज आला की मी गप्पा सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. साहेबांची मुलं दारात येऊन इंग्रजीत काहीतरी म्हणायची आणि आत पळायची.

तर एका शुक्रवारी जेवताना साहेब म्हणाले, "शांतवन, एक काम आहे तुझ्यासारखं. आपल्या देवळातला स्मारकाचा दगड पार झिजलाय. मंडळातर्फे नवीन पाठवायचा. ब्लॅक ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. कोरणार तू."

मी विचारलं, "इंग्रजीत?"

"इंग्रजीतच. जगानं वाचावं."

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हसूचा पणतू म्हसूचं नाव ग्रॅनाइटमध्ये कोरणार. पैसे सगळ्यांनी काढले. मी म्हटलं, माझी वर्गणी माझा हात. साहेब म्हणाले, चालेल.

कागद आला. वर दोन मोठ्या ओळी, खाली अकरा लहान. मी मोजल्या. अकरा. विचारायचं कारणच नव्हतं. सुटीच्या दिवशी आणि कामानंतर मी तो दगड कोरला, सहा आठवडे. अकरा ओळींपैकी चौथीला मी चार संध्याकाळी दिल्या. कडा अशी काढली की पाणी टाकलं तर थेंब अक्षरातच उभा राहावा. गावी जाणाऱ्या एकाकडून आईला निरोप पाठवला, पणज्याचं नाव सोन्याचं केलं म्हणून. चाचा येऊन बघून जायचे. त्यांना उर्दू यायची, इंग्रजी नाही. म्हणायचे, "आमच्या गावात पण असला दगड आहे, शाळेच्या भिंतीत. पण नुसता आकडा. या गावातून इतके गेले, इतके मेले. नाव एकाचं नाही. माझ्या आजीचा भाऊ त्या आकड्यात आहे. कुठला तो, कसं ओळखू? तुमच्याकडे नावं आहेत, नशीबवान आहात."

दगड तयार झाला. शनिवारी पेटीत भरून बोटीनं जायचा होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी उपासनेनंतर सगळं मंडळ कारखान्यात आलं, दगडावर प्रार्थना करायला. चाचांनी खास कारखाना उघडून दिला, झाडून घेतलं, बायकांसाठी खुर्च्या मांडल्या. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दगड लाकडी घोडीला टेकवून ठेवलेला. प्रार्थना झाली. सगळे म्हणाले, काय काम आहे, काय काम आहे. मग साहेब वहिनींना म्हणाले, "तू वाच मोठ्यानं. मराठीत सांग, सगळ्यांना कळू दे."

वहिनींनी वाचलं. "शूरांच्या पवित्र स्मरणार्थ. हा दगड देणारे." आणि मग पहिलं नाव वाचलं, ते साहेबांचं. पुढं त्यांची डिग्री. दुसरं खजिनदारांचं. तिसरं. चौथं दाविदचं.

मी ऐकत राहिलो. मला वाटलं आधी देणाऱ्यांची वाचून मग खालची वाचतील. पण ओळी अकराच होत्या. अकरावी वाचून वहिनी थांबल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. दाविद माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माझं चौथं? तरीच म्हटलं तू त्यावर एवढा का बसलायस."

मी साहेबांना विचारलं, "आणि ते कुठं आहेत?"

"कोण?"

"मेलेले."

"वर लिहिलंय ना, शूरांच्या स्मरणार्थ. सगळे आले त्यात."

"म्हसू भागा आला?"

साहेब हसले. "अरे, बावीस नावं घ्यायची तर दगड दुप्पट लागला असता. आणि जुनी नावं वाचणार कोण आता?"

मी म्हटलं, "ठीक आहे. जुना दगड आहेच. हा त्याच्या बाजूला लावा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाजूला नाही, त्याच जागी लागणार. जुना काढायचाय. आपल्या देवळाच्या पाळकसाहेबांचं पत्र आलंय. पुरातत्त्वाचा माणूस येऊन दगडाचे फोटो काढून गेला. म्हणे स्मारक संरक्षित करणार. एकदा का सरकारी पाटी लागली की आपल्याच देवळात आपल्याला खिळा ठोकायची सोय राहणार नाही. भिंत पाडायची नाही, रंग द्यायचा नाही. त्याच्या आत काम उरकायचं. म्हणून घाई."

"काढून काय करणार त्याचं?"

"वाया नाही जाणार. घंटेच्या खोलीला पायरी नाही, तिथं बसवतील. उलटा. नावं खालच्या बाजूला, म्हणजे कुणाचा पाय नको."

माझा बाप पंचवीस वर्षं त्या खोलीत चढून घंटा वाजवत होता. मी दोन पावलं पुढं गेलो. चाचांनी माझा दंड धरला, म्हणून बरं झालं. मी म्हटलं, "साहेब, मला अडाणी समजून फसवलंत. कागद देताना एकदा वाचून दाखवला असता तर जीभ झिजली नसती."

साहेबही चिडले. त्यांनी आवाज खाली आणला आणि जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "तुला वाचता येतं ना त्या दगडावरचं मराठी? प्रत्येक नावापुढं काय कोरलंय? जात कोरलीय, शांतवन. अकरा वेळा. माझी मुलं इथं इंग्लिश शाळेत जातात. सुटीत गावी गेली की त्या दगडासमोर उभी करून त्यांना काय सांगू? आपण कोण ते दगडावर बघा? मी शिकलो ते त्या शब्दातून बाहेर पडायला. तो दगड जमिनीत गेलेलाच बरा."

 हे खरं होतं. लहानपणी गावातली वरच्या जातीची पोरं देवळात यायची ती तोच शब्द बोटानं दाखवून हसायला. मला ते माहीत होतं. साहेबांना ते माझ्यापेक्षा जास्त लागलं असेल, ते शिकले म्हणून. आज या वयात मी हे कबूल करतो, तेव्हा केलं नाही. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "जात त्यांनी नाही कोरली. सरकारच्या यादीत होती ती कोरणाऱ्यानं कोरली. मरण मात्र त्यांचं स्वतःचं होतं. तुम्ही जात पुसायला निघालात आणि माणसं पुसताय. आणि त्यांच्या जागेवर कोण, तर तुमची डिग्री."

"बास. उद्या दुपारी पेटी जाईल," साहेब म्हणाले. "खलास."

सगळे गाड्यांत बसून गेले. खुर्च्या तशाच राहिल्या. मी त्या एकेक उचलून आत ठेवल्या, आणि चाचांना विचारलं, गावाकडे कोण जातंय. त्यांचा पुतण्या दुसऱ्या दिवशी मुंबईला निघणार होता. मी खोलीवर आलो आणि कागद घेऊन बसलो. तोवर माझी पत्रं दाविद लिहायचा, तो सातवी पास होता. त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, लिही, पुरातत्त्व खात्याला. त्यानं कागदाला हात लावला नाही.

"तुझ्या मेलेल्या पणज्यापायी माझं जिवंत नाव घालवतोस?" दाविद म्हणाला. "माझं नाव आजवर कुठं लागलंय, सांग. रेशनकार्डावर सुद्धा चुकीचं आहे. गावात देवळाच्या भिंतीवर दाविदचं नाव, सोनेरी, इंग्रजीत. माझ्या आईनं बघितलं असतं ते."

"तुझ्या आईला वाचता येतं?"

"दाखवलं तर कळतं."

"मग तुझ्या आईच्या चुलत्याचं नाव सातव्या ओळीला आहे. ते दाखव तिला."

तो उठला. वर खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी स्वतः लिहिलं. साडेचार ओळी. काना मात्रा चुकल्या असतील. लिहिलं की आमच्या देवळातला लढाईचा दगड लोक पायरीला घालणार आहेत, त्यावर अकरा माणसं आहेत, त्यांना दुसरी कबर नाही, तुमची पाटी लवकर लावा. खाली सही केली आणि अकरा नावं लिहिली, वरून खाली, क्रमानं, एकही न अडखळता. खात्याचा पत्ता माहीत नव्हता. पाकिटावर नुसतं पुरातत्त्व खातं, मुंबई एवढं लिहून चाचांच्या पुतण्याकडे दिलं, म्हटलं, तिथं विचारून टाक.

त्या पत्रामुळंच झालं असं मी म्हणत नाही. सरकारी काम कुणाच्या पत्रानं होतं आणि कुणाच्या नाही, देवाला ठाऊक. पण दगड आजही भिंतीत आहे. समोर सरकारची निळी पाटी आहे, गंजलेली, विद्रूप करणाऱ्याला शिक्षा होईल असं लिहिलेली, आणि तिच्या सावलीत शेळ्या बसतात. साहेब म्हणाले होते तसंच झालं म्हणा, भिंतीला चुना लावायचा तरी अर्ज करावा लागतो, आणि पाळक मलाच शिव्या देतात. देऊ द्या. माझा नातू मागं एकदा विचारत होता, हा शब्द प्रत्येक नावापुढं का आहे. मी त्याला सांगितलं, सगळं सांगितलं, बसवून. त्याला कळलं. दहा वर्षांच्या पोराला कळतं ते.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी मला एवढंच ठाऊक होतं की पेटी दुपारी जाणार, आणि पत्र पोचून पाटी लागायला महिने जातील. नवा दगड गावात पोचला की जुन्याला पहार लागणारच. पाळक नव्याची वाट बघत होते, म्हणून जुना अजून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी कारखाना उघडला तेव्हा मी दारातच उभा होतो. मी त्यांना सांगितलं काय करणार ते. चाचा म्हणाले, "दगड मंडळाचा आहे. पैसे भरलेत त्यांनी."

"म्हणून तर एक तुकडा पण मी ठेवणार नाही."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग करवतीचं पाणी सुरू केलं. दगड चढवायला हातही लावला. मी वरच्या दोन ओळी वेगळ्या कापल्या. मग एकेक नाव. अकरा पट्ट्या. कोरताना सहा आठवडे लागले होते, कापायला तासही लागला नाही. चौथी पट्टी कापताना तेवढा हात थांबला, कारण तसं काम माझ्या हातून पुन्हा होणार नव्हतं, आणि झालंही नाही. मग प्रत्येक पट्टीच्या कडा घासल्या. अर्धवट काम मी कुणाला दिलेलं नाही. दाविदची पट्टी कपड्यात गुंडाळून त्याच्या खाटेवर ठेवली. तो जागा होता. त्यानं ती उशाशी ओढून घेतली, आणि तोंड फिरवलं नाही यावेळी.

कारखान्याची पिकअप करामाकडे निघाली होती, तीत पट्ट्यांची गोणी टाकून मी बसलो. साहेबांच्या दाराची बेल वाजवली तेव्हा ते टाय बांधत होते. मी वरचा मोठा तुकडा भिंतीला टेकवला आणि त्यांची पट्टी त्यांच्या हातात दिली.

"हे काय?"

"तुमची ओळ. कडा घासल्यात, हात कापणार नाही. दाराला लावा, नाहीतर कुठंही लावा."

त्यांनी पट्टी वाचली. चेहरा पांढरा झाला. "आणि बाकीचा दगड?"

"ज्याचं नाव त्याला देतोय."

"तुला कळतंय तू काय केलंस? मंडळातून काढीन तुला."

"मी मंडळात कधी होतो, साहेब? माझं नाव दाखवा यात."

ते आत गेले आणि दार लोटलं. मी जिन्यात गोणी उचलत होतो तेव्हा दार परत उघडलं. वहिनी होत्या, हातात मंडळाची पत्त्यांची वही. माझ्याकडे पत्ते नव्हते, असते तरी वाचता आले नसते, हे त्यांना आठवलं असावं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खजिनदार याच रस्त्याला, तिसरी बिल्डिंग, दुसरा मजला. त्यांच्या समोरच्या दाराला तिसऱ्या ओळीचे, शेजारी पाचव्या ओळीचे. पुढचे सगळे शारजाला, ते मी तुला मराठीत लिहून देते." जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी लिहून दिलं. मी ते एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं, बरोबर आहे म्हणाल्या. मग मी गोणी खांद्यावर घेतली आणि तिसऱ्या बिल्डिंगकडे चालू लागलो.